अक्षर उमटण्याआधीचा हात

मूल पहिल्यांदा एखादे अक्षर लिहिते तेव्हा भोवतीच्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे कागदावर खिळलेले असतात. अक्षर ओळखू येते का, रेघेत बसले का, दांडी सरळ आली का, एवढेच पाहिले जाते आणि त्यावरून शाबासकी द्यायची की दुरुस्ती सांगायची हे ठरते. लहान मुलांना लिहायला शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि या वर्षांत माझे एक मत पक्के होत गेले: लिहायला शिकवणाऱ्याने कागदाकडे कमी आणि हाताकडे जास्त पाहिले पाहिजे. कागदावर उरतो तो हालचालीचा माग. मुलाला शिकायची असते ती मात्र हालचालच. सुरुवात कुठून करायची, कोणत्या बाजूला वळायचे, कुठे थांबायचे, हात कुठे उचलायचा आणि पुन्हा कुठे टेकवायचा, हे एकदा हातात बसले की आकार आपोआप सुधारत जातो. ते बसलेच नाही तर आज सुबक दिसणारे अक्षर पुढे लिहिण्याचा वेग वाढू लागला की विस्कटते, आणि तोवर त्याचे कारण कोणाच्या लक्षात राहिलेले नसते.

एक मुलगा 'म' फार सुंदर काढायचा. वही दाखवली तर कोणीही कौतुक करावे असा ठसठशीत, प्रमाणबद्ध 'म'. मी त्याच्या शेजारी बसून पाहिले तेव्हा कळले, की तो उजवीकडची दांडी खालून वर ओढतो, मग त्या दांडीपासून डावीकडे आडवी रेघ नेतो, तिथे गाठ मारतो आणि शेवटी डावीकडची उभी रेघ वर चढवत नेतो. अक्षर पूर्ण होते त्या क्षणी त्याचा हात अक्षराच्या डाव्या टोकाला असतो आणि पुढचे अक्षर तर उजवीकडे लिहायचे असते. म्हणजे प्रत्येक अक्षरानंतर त्याला आपल्याच अक्षरावरून उडी मारून पलीकडे जावे लागत होते. एकच 'म' पानभर काढायचा होता तोवर यात काही बिघडत नव्हते. शब्द लिहायची वेळ आली तेव्हा तो इतरांच्या मागे पडू लागला आणि घरी त्याला 'आळशी' हे विशेषण चिकटले. त्याच्या वहीत चूक म्हणून दाखवता येईल असे काहीच नव्हते. चूक होती ती वहीत न उमटलेल्या गोष्टीत.

हाताचा विचार करायचा तर तो मनगटापासून करावा लागतो. प्रौढ माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. मूल जन्मते तेव्हा ती हाडे नसतात, त्यांच्या जागी कूर्चा असते, आणि एकेक हाड पुढे वर्षानुवर्षे घडत जाते. शेवटचे हाड घडायला लागते तेव्हा मूल आठ-नऊ वर्षांचे किंवा त्याहूनही मोठे झालेले असते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती बारीक पेन्सिल देऊन दुरेघी वहीच्या चिंचोळ्या जागेत अक्षर बसवायला सांगताना आपण एका अर्धवट घडलेल्या मनगटाकडून काम मागत असतो. या वयात मूल पेन्सिल मुठीत धरते आणि रेघ खांद्यातून ओढते. पुढे ती हालचाल कोपरात उतरते, मग मनगटात, आणि शेवटी बोटांत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीत पेन्सिल स्थिरावते ती साधारण पाच-सहा वर्षांच्या आसपास. हा प्रवास कोणी ओरडल्याने लवकर होत नाही. फार तर मूल वाईट पकड घट्ट करून बसते आणि ती पकड मग आयुष्यभर सुटत नाही.

आकारांचेही तसेच. मुलांना आकार ज्या क्रमाने काढता येऊ लागतात तो क्रम बालविकासाच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवला आहे. उभी रेघ दोन वर्षांच्या सुमारास येते, गोल तीनच्या सुमारास, अधिकचे चिन्ह चारच्या आसपास, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण पाचच्या पुढेमागे. तिरकी रेघ सर्वांत हट्टी असते. पत्त्यातल्या चौकटसारखा आकार पाहून काढणे सहा-सात वर्षांच्या आधी बहुतेक मुलांना जमत नाही. हे मनात ठेवून आपल्या वर्णमालेकडे पाहिले, की कोणते अक्षर कोणत्या हाताला आज झेपेल याचा अंदाज येऊ लागतो. 'ठ' म्हणजे एक छोटा देठ आणि त्याखाली गोल. गोल येणाऱ्या मुलाला तो जवळजवळ येतोच. 'अ'ची गोष्ट वेगळी. एका अर्धगोलाखाली दुसरा अर्धगोल, दोघांच्या सांध्यातून निघणारी आडवी रेघ, मग दांडी आणि मग डोक्यावरची रेघ, इतका सगळा व्याप त्या एका अक्षरात आहे. वर्णमालेत पहिले येते म्हणून लिहायलाही पहिले शिकवावे असे त्यात काहीच नाही.

आपली वर्णमाला ज्या क्रमाने रचलेली आहे तो क्रम कानाचा आणि तोंडाचा आहे. कंठातून निघणारे वर्ण, मग तालूचे, मूर्धेचे, दातांचे आणि ओठांचे, अशी ती विलक्षण शहाणी रचना आहे, आणि मुलांनी ती म्हणावी, तालावर म्हणावी, तोंडपाठ करावी असेच मला वाटते. हाताला मात्र तो क्रम काही उपयोगाचा नाही. 'क' लिहायचा तर दांडीच्या डावीकडे बंद पोट आणि उजवीकडे उघडा आकडा, दोन्हींचा तोल साधावा लागतो. त्याच्या लगेच नंतर येणारा 'ख' तर बेताने जोडला नाही तर 'र' आणि 'व' असा दुभंगून वाचला जातो. पूर्वी पाटीवर ग, म, भ, न गिरवून घेणाऱ्यांना ही गोष्ट नेमकी कळलेली होती. ग, म, न या तिघांची हालचाल एकाच कुळातली आहे. डावीकडे काहीतरी करायचे, त्याला गाठ द्यायची, मग उजवीकडे दांडी ओढायची. एक आले की दुसऱ्यासाठी हात अर्धा तयार असतो. तसेच 'व' आला की 'ब' म्हणजे त्याच्या पोटात एक तिरकी रेघ आणि 'क' म्हणजे त्याला बाहेरून आकडा. 'प' आला की पोटफोड्या 'ष' आणि 'फ' त्याच वाटेने येतात. ट, ठ, ढ, द ही पूर्ण दांडी नसलेली, डोक्यावरच्या रेघेला देठाने लोंबणारी मंडळी. ड, ङ, ह, इ यांची नागमोडी वळणे सर्वांत शेवटी घ्यावीत असा माझा आग्रह असतो, कारण त्यांत हाताला न थांबता दिशा बदलावी लागते आणि ते कसब आधीच्या अक्षरांतून कमवावे लागते.

या गटांतही मी सर्वांत जास्त वेळ दांडीवर घालवते. दांडी वरून खाली ओढायची आणि ती अक्षराच्या शेवटी ओढायची, एवढा एकच नियम मी पुन्हा पुन्हा सांगते, करून दाखवते, हात धरून करवून घेते. याचे कारण त्या दिवसाच्या अक्षरात नसते, ते पुढच्या वर्षीच्या जोडाक्षरात असते. ग, म, न, व, प, त, स, ल या सगळ्या अक्षरांचे अर्धे रूप म्हणजे दांडी न दिलेले अक्षर. ज्या मुलाच्या हातात दांडी शेवटी येते त्याला अर्धे अक्षर नव्याने शिकावे लागतच नाही, त्याला फक्त एक पाऊल आधी थांबायचे असते. 'ग्', 'स्', 'म्' ही त्याच्यासाठी ओळखीच्या वाटेवरची आधीची थांबण्याची जागा असते. 'म'ची सुरुवातच दांडीपासून करणाऱ्या त्या मुलाला हे कळणे अवघड गेले, कारण त्याच्या हालचालीत 'म्' असा कुठे येतच नव्हता. त्याच्यासाठी ते एक वेगळेच, पाठ करण्याचे चित्र होते. जोडाक्षरे मुलांना जड जातात अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यातला मोठा वाटा जोडाक्षरांचा नसून दांडीचा आहे असे मला खात्रीने वाटते.

डोक्यावरची रेघ केव्हा द्यायची यावर शिक्षकांत मतभेद आहेत. काही जण आधी रेघ ओढून घेतात आणि मुलांना तिला अक्षरे टांगायला सांगतात. मोडी लिहिताना पानभर रेघ आधी आखून घेण्याचीच पद्धत होती आणि मोडीच्या धावत्या, हात न उचलण्याच्या वळणाला ती शोभणारी होती. बाळबोध अक्षरांसाठी मात्र रेघ शेवटी, आणि तीही पूर्ण शब्द लिहून झाल्यावर द्यावी असे माझे मत आहे. एकेका अक्षराला स्वतंत्र टोपी घालणाऱ्या मुलाचा शब्द तुटक दिसतो, हे तर झालेच. त्याहून महत्त्वाचे असे, की शब्द संपल्यावर डावीकडून उजवीकडे सलग रेघ ओढताना मूल तो शब्द पुन्हा एकदा नजरेखालून घालते. पुष्कळ मुले त्या वेळी ओठ हलवत असतात. राहिलेला काना, विसरलेली मात्रा याच क्षणी सापडते. 'थ', 'ध' आणि 'भ' यांच्यापाशी रेघ तुटते. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला मुख्य फरक डोक्यापाशीच आहे, हेही रेघ ओढणाऱ्या हाताला थबकावे लागल्यामुळे पक्के लक्षात राहते.

गिरवण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ठिपक्यांची अक्षरे छापलेल्या वह्या हल्ली लहान मुलांच्या दप्तरात सर्वांत जाड असतात. ठिपके गिरवणारे मूल लिहीत असते असे आपण धरून चालतो. जवळ बसून पाहिले तर दिसते, की ते एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचत असते आणि प्रत्येक ठिपक्यापाशी थांबत असते. पेन्सिल कापत कापत पुढे सरकते, नजर अक्षरावर नसून पुढच्या ठिपक्यावर असते, आणि सुरुवात जो ठिपका आधी दिसेल तिथून होते. पान भरते, अक्षरे जागच्या जागी असतात, पालक खूश होतात. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पाटीवर तेच अक्षर काढायला सांगितले की मूल आपल्याकडे पाहत राहते.

यावर २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. केरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट या अमेरिकी संशोधकांनी अजून वाचता-लिहिता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना काही अक्षरे स्वतःच्या हाताने काढायला लावली, काही गिरवायला दिली आणि काही कळफलकावर दाबायला सांगितली. नंतर तीच अक्षरे दाखवून मुलांच्या मेंदूचे चित्रण केले. मोठ्या माणसांत वाचनाच्या वेळी काम करणारे मेंदूतले भाग या मुलांत जागे झालेले दिसले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. गिरवलेल्या आणि टंकलेल्या अक्षरांच्या बाबतीत तसे झाले नाही. अभ्यास लहान होता आणि रोमन अक्षरांवर होता, त्यामुळे त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मी जाणते. तरी त्यामागचा विचार वर्गात रोज पडताळता येतो. मूल स्वतः अक्षर काढते तेव्हा ते दर वेळी वेगळे येते, कधी पोट मोठे, कधी दांडी तोकडी, कधी सगळेच कलंडलेले. या साऱ्या वेड्यावाकड्या 'व'मधून मुलाला कळत जाते, की काय बदलले तरी 'व' हा 'व'च राहतो आणि काय बदलले की तो 'व' राहत नाही. गिरवलेला 'व' दर वेळी एकसारखाच असल्याने त्यातून ही पारख येत नाही.

त्याआधी २००५ मध्ये मारिएक लाँगकँप आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे हाताने, तर काही कळफलकावर शिकवून पाहिली होती. हाताने लिहिण्याचा फायदा त्यांना दिसला तो त्यांतल्या मोठ्या मुलांत. लहानांना घाई करून फारसे काही मिळत नाही, असे मला यातून वाटते.

बोटाने गिरवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि ती मला हवी असते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले आणि तिथे खरखरीत कागदाची अक्षरे कापून पाटीवर चिकटवली. मुले त्यावरून लिहिण्याच्याच दिशेने दोन बोटे फिरवत आणि त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार करत. ठिपक्यांच्या वहीत आणि या अक्षरांत फरक असा, की इथे पेन्सिल सांभाळण्याचे ओझे नसते, बोट अक्षरावरून घसरले तर लगेच गुळगुळीत लागते, आणि शिकवणाऱ्याने आधी स्वतःचे बोट फिरवून दिशा दाखवलेली असते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हीच पद्धत बोर्डी आणि कोसबाडच्या मुलांसाठी वापरली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले यांचा उपयोग केला. अक्षराला खरखरीतपणा हवा असतो, तो कोणत्या वस्तूतून येतो याला महत्त्व नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

पेन्सिल हाती येण्याआधी मी मुलांकडून मोठाली अक्षरे काढून घेते. हवेत, पूर्ण हात फिरवून; मग जमिनीवर खडूने, हातभर उंचीची; मग तबकात पसरलेल्या वाळूत बोटाने. जुन्या काळची धूळपाटी म्हणजे याहून वेगळे काय होते? उभ्या फळ्यावर लिहिणे मला विशेष आवडते, कारण उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट आपोआप योग्य तऱ्हेने मागे वळते आणि खांद्याला बळ येते. दगडी पाटीवर पेन्सिल घासली जाते, हाताला रेघेचा विरोध जाणवतो आणि आवाजही येतो. गुळगुळीत कागदावर आणि त्याहून गुळगुळीत काचेच्या पडद्यावर हे काहीच नसते. खडू किंवा पाटीवरची पेन्सिल देताना मी ती मुद्दाम बोटाच्या पेराएवढी तुटकी देते. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो, आणि पकड सुधारण्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागत नाही.

दाखवताना आपण कुठे बसतो यालाही महत्त्व आहे. मुलासमोर बसून अक्षर काढून दाखवले तर त्याला ते उलट्या बाजूने दिसते. म्हणून मी नेहमी शेजारी बसते. डावखुऱ्या मुलाच्या बाबतीत हे गणित बदलते. साधारण दहा माणसांत एक डावखुरा असतो, म्हणजे बहुतेक प्रत्येक वर्गात असे दोन-तीन हात असतात, आणि आपले लेखन डावीकडून उजवीकडे जात असल्याने त्या हाताखाली नुकतेच लिहिलेले अक्षर झाकले जाते. त्याची वही थोडी डावीकडे सरकवली, तिची वरची बाजू उजवीकडे कलती केली आणि पेन्सिल टोकापासून जराशी वर धरायला सांगितली, की मनगटाला आकडा करून लिहिण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी भांडण होत नाही. एवढे केले की पुरे. हात बदलायला लावणे हा त्या मुलावर केलेला अन्याय आहे आणि तो अजूनही होतो याचे मला वाईट वाटते.

उलटी अक्षरे आली की पालक घाबरून जातात. आपल्या अंकांतले ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असावे असे आहेत आणि त्यांची अदलाबदल तर नेहमीचीच. कधी 'ग'ची दांडी डावीकडे येते, कधी अख्खे नाव उजवीकडून डावीकडे उमटते. मुलाने आयुष्याची पहिली चार-पाच वर्षे हेच शिकलेले असते, की वस्तू कोणत्याही बाजूला तोंड करून असली तरी ती तीच वस्तू असते. मांजर डावीकडे बघते तेव्हाही मांजर आणि उजवीकडे बघते तेव्हाही मांजरच. तोंड फिरले की ओळखच बदलते अशी पहिली गोष्ट त्याच्या आयुष्यात येते ती म्हणजे अक्षर. मेंदूला आपला जुना, आजवर उपयोगी पडलेला नियम एवढ्या एका जागेपुरता मोडावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. सात वर्षांपर्यंत अधूनमधून असे होणे ही वाढीतलीच एक पायरी आहे. त्यानंतरही ते नेहमीच होत राहिले आणि वाचनही अडखळत असेल तर जाणकारांचा सल्ला घ्यावा. त्याआधी मुलाला काळजीने भरलेला चेहरा दाखवू नये. इथेही कामी येते ती हालचालच. 'ग' डावीकडून सुरू होतो आणि दांडीवर संपतो हे हाताला ठाऊक असेल तर डोळ्याने घोळ घातला तरी हात सावरून घेतो.

एका ठिकाणी मात्र हाताचा आणि कानाचा क्रम खरोखर फुटतो आणि तिथे मुलाला सांभाळून घ्यावे लागते. 'कि' म्हणताना आधी 'क' ऐकू येतो आणि मग 'इ', लिहिताना मात्र पहिली वेलांटी 'क'च्या आधी, डावीकडे उभी राहते. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे प्रामाणिक मूल वेलांटी नंतर आणि उजवीकडे देते आणि त्याचा 'कि' दीर्घ होऊन बसतो. ही चूक ऱ्हस्व-दीर्घाची म्हणून लाल शाईने दाखवली जाते, पण मुलाच्या कानाने बरोबरच ऐकलेले असते. रफाराचेही असेच आहे. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी येतो आणि लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. या दोन्ही ठिकाणी मी मुलांना आधी मूळ अक्षर लिहून घ्यायला सांगते, आणि वेलांटी द्यायची असेल तर त्याच्या डावीकडे जागा सोडायला लावते. मग वेलांटी त्या जागेत येते. लिपीने केलेली ही अडचण आहे, मुलाने केलेली नाही, हे शिकवणाऱ्याच्या आवाजात जाणवले पाहिजे.

सुंदर अक्षराचा ध्यास आपल्या भाषेत जुना आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे आणि अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखे असावे, अशी फार बारकाईची अपेक्षा त्यात आहे. ती अपेक्षा ग्रंथ लिहून काढणाऱ्या, बसलेल्या हाताकडून आहे. चार वर्षांच्या मुलाच्या वहीवर तीच कसोटी लावणे हा अन्याय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. लिहायला शिकण्यासाठी मुलाच्या हाती इतकी ऐसपैस वर्षे असताना तीन वर्षांच्या मुलाला पानेच्या पाने घरी लिहायला देणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत, आणि रात्री झोपेने पेंगुळलेल्या मुलाचा हात धरून ती पाने भरून घेणाऱ्या आयाही पाहिल्या आहेत. त्या आयांना मी दोष देत नाही. वही कोरी गेली तर मुलाला काय ऐकावे लागेल याची त्यांना धास्ती असते. पण हात थकल्यानंतर काढलेल्या अक्षरांतून मूल थकलेल्या हाताची हालचाल शिकते. पाच चांगले 'व' काढून झाले की मी पाटी बाजूला ठेवायला सांगते. त्या पाचांतला सर्वांत चांगला कोणता हे मुलानेच दाखवायचे असते, आणि मुले तो बहुधा अचूक दाखवतात.

खोडरबर मी या वयात देत नाही. खोडणाऱ्या मुलाचा अर्धा वेळ खोडण्यात जातो, कागद फाटतो, आणि मुख्य म्हणजे हात कुठे वळला होता याचा पुरावा नाहीसा होतो. फसलेले अक्षर तसेच राहू द्यावे आणि शेजारी दुसरे काढावे, म्हणजे दोन्ही एकमेकांशेजारी दिसतात आणि फरक मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांना कळतो.

नावाच्या बाबतीत माझा क्रम मी आनंदाने बाजूला ठेवते. प्रत्येक मुलाला सर्वांत आधी स्वतःचे नाव लिहायचे असते आणि नाव ठेवणाऱ्यांनी अक्षरांच्या सोपेपणाचा विचार केलेला नसतो. मी ते नाव एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते आणि प्रत्येक अक्षर जिथून सुरू करायचे तिथे एक लाल ठिपका ठेवते. तेवढा एकच ठिपका, पुढची वाट मुलाने काढायची. 'स्वरा' हे नाव मिळालेल्या एका मुलीला 'व' आणि 'र' येत होते, काना तर येतच होता, 'स'ही नुकताच बसला होता. तिने 'सवरा' असे लिहिले, रेघ ओढता ओढता ओठांनी वाचले आणि मान हलवली. "बाई, हे माझं नाव नाही," ती म्हणाली. मी तिला 'स' हवेत काढायला सांगितला. तिने वरून सुरुवात केली, वळण घेतले, तिरकी रेघ खाली नेली, हात उचलून मधून आडवी रेघ ओढली आणि दांडीसाठी पुन्हा हात वर नेला. "आता इथेच थांब," मी म्हणाले. तिने हवेतला हात तसाच धरून माझ्याकडे पाहिले, मग पाटीवर दांडी नसलेला 'स' काढला, त्याला चिकटून 'व' लिहिला आणि पुढे 'रा'. नंतर तिने विचारले, की मैत्रिणीच्या 'मुग्धा'मधला 'ग' पण असाच थांबतो का, आणि उत्तराची वाट न पाहता तो लिहायला घेतला.